शब्दांची ओळखपरेड : पास आउट

मंडळी, गेल्या अंकातल्या 'पुट अप विथ' वर बरेच फोन आले. एका वाचकाने कळवले की, "आम्ही तुम्हाला इतकी वर्षे पुट अप करतो आहोत." त्यात 'विथ' राहिले. विथ वगळले की अर्थ होतो, आम्हाला त्यांनी घरी मुक्कामाला ठेवून घेतले आहे. आमची हरकत नाही, फक्त आधी सांगावे.

या वेळचा शब्द 'पास आउट'. आम्ही तो नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात वापरला आणि तोंडघशी पडलो. दुपारी जेवताना कोणीतरी शिक्षणाची चौकशी केली. आम्ही ऐटीत म्हणालो, "आय पास्ड आउट ऑफ पुणे युनिव्हर्सिटी इन टू थाउजंड इलेव्हन." शेजारच्या बाईंनी हातातला काटा खाली ठेवला आणि काळजीने विचारले, "वॉज इट द हीट?"

इथे अमेरिकेत पास आउट होणे म्हणजे बेशुद्ध पडणे. पदवी मिळाली हे सांगायला 'ग्रॅज्युएटेड फ्रॉम' म्हणावे. आपला प्रयोग मात्र अगदीच निराधार नाही. ब्रिटिश इंग्रजीत लष्करी प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडणे या अर्थाने तो आजही चालतो. खडकवासल्याच्या एन.डी.ए.मधली पासिंग आउट परेड त्यातलीच. आपण ती परेड सगळ्या कॉलेजांना लावली, एवढेच.

आणखी एक अर्थ 'वाटणे' असा आहे. बाई वर्गात पेपर पास आउट करतात, आपण मंडळाची पत्रके पास आउट करतो. इथे 'हँड आउट' हाही शब्द चालतो. ढोबळ खूण अशी, की क्रियापदाला कर्म असेल तर काहीतरी वाटले गेले आणि नसेल तर माणूस पडला. तरुण मुले "आय पास्ड आउट ऑन द कोच" म्हणतात तेव्हा बहुधा त्यांना गाढ झोप लागलेली असते. पार्टीहून आली असतील तर वेगळी चौकशी करावी.

बेशुद्ध पडण्याला 'फेंट', 'लूज कॉन्शसनेस' हे जवळचे शब्द. 'ब्लॅक आउट' जरा जपून वापरावा. दारूच्या संदर्भात त्याचा अर्थ असा की माणूस चालत-बोलत होता, पण नंतर त्याला काहीच आठवत नाही. आणि 'पास अवे' तर भलताच. एका अव्ययाने माणूस जातो.

हा शब्द आम्ही निवडला त्याला कारण घडले ते आमच्याच घरी. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. एका सकाळी त्या स्वयंपाकघरात पडल्या. आवाज ऐकून आम्ही धावलो, तोवर त्या उठून बसल्या होत्या. "काही नाही रे, चक्कर आली," म्हणाल्या. तरी इमर्जन्सीत नेले. नर्सने विचारले, "डिड शी पास आउट?" आम्ही मराठीत विचारले, "आई, चक्करच आली होती ना?" त्या हो म्हणाल्या. मग आम्ही डॉक्टरेटच्या आत्मविश्वासाने सांगितले, "नो, शी गॉट डिझी अँड फेल." नर्सने 'डिझी' लिहून घेतले. पाणी कमी प्यायल्या असतील, घरी न्यायला हरकत नाही, इथपर्यंत गोष्ट आली.

मग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी विचारले, पडताना काय झाले ते यांना आठवते का? सासूबाई म्हणाल्या, "ओट्याशी उभी होते. मग एकदम गालाला फरशी गार लागली. मधलं काहीच नाही." आम्ही जसेच्या तसे इंग्रजीत सांगितले. "सो शी डिड पास आउट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि सगळा नूरच पालटला. रात्रभर मॉनिटरवर ठेवले. हृदयाचे ठोके मधूनच काही सेकंद थांबत होते. चौथ्या दिवशी पेसमेकर बसला.

चूक आमची होती, पण थोडी मराठीचीही. 'चक्कर येऊन पडली' यात आपण सगळेच कोंबतो. घर गरगर फिरले, तरी चक्कर. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि भिंतीचा आधार घेतला, तरी चक्कर. शुद्ध हरपली, तरीही चक्करच. डॉक्टरला या तीन निराळ्या वाटा आहेत. पहिलीला "द रूम वॉज स्पिनिंग" म्हणावे. त्यांचे लक्ष आधी कानाच्या आतल्या भागाकडे जाते. दुसरीला "शी फेल्ट लाइटहेडेड" किंवा "शी ऑलमोस्ट पास्ड आउट". तिसरीला सरळ "शी पास्ड आउट". या वेळी मेंदूला होणारा रक्तपुरवठा काही क्षण कमी पडलेला असू शकतो, आणि त्यामागे हृदय आहे का हे त्यांना पाहायचे असते. म्हणून आई-वडिलांना "चक्कर आली का?" असे विचारू नये. "पडलेलं आठवतं का?" असे विचारावे. एरवी आपल्याला त्रास नको म्हणून ती माणसे कशालाही 'काही नाही' म्हणतात.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "हाउ लाँग वॉज शी आउट?" त्या एकट्या बाहेर जात नाहीत, असे उत्तर आमच्या अगदी ओठांवर आले होते. इथे 'आउट' म्हणजे बेशुद्ध. शुद्धीवर येण्याला 'कम टू' म्हणतात. त्यापुढे कसलेही गाव येत नाही, वाक्य तिथेच संपते.

सासूबाई आता नाशिकला सुखरूप आहेत आणि विमानतळावरच्या तपासणीत पेसमेकरचे कार्ड मोठ्या दिमाखात दाखवतात.

त्याच नर्सने "डिड शी थ्रो अप?" असेही विचारले होते. आम्ही काय उत्तर दिले ते पुढच्या अंकात. आपल्या घरचे असे किस्से असतील तर कोजागिरीच्या कार्यक्रमात आमच्या हाती द्यावेत. मसाला दूध वाटायला आम्हीच उभे आहोत.