धुऱ्यावरचा वाटा

शेतीच्या उत्पन्नाचा हिशेब आपण क्विंटलांत मांडतो. अमरावती-अकोल्याच्या शेतमजुराचा हिशेब मात्र धुऱ्यापासून सुरू होत असे. बाभळीच्या लाकडाचे वखर, तिफण नि बैलगाडीची चाके होत. तिच्या शेंगांवर मजुराची शेळी जगे. अंबाडीच्या पाल्याची भाजी होई, सालीच्या वाखाचे दोर वळले जात. तुराट्यांचे कुड शेणामातीने लिंपले की घर उभे राही. वेचणी संपल्यावर उपटलेल्या पऱ्हाटीवर मजूर स्त्रीची चूल पेटे. या वस्तूंना बाजारभाव नव्हता, म्हणूनच त्या गरिबाच्या हाती पडत.

१९९० नंतर सोयाबीन पसरले. त्याने ज्वारीबरोबर अंबाडीही मागे रेटली. सोयाबीनच्या कुटारातून ना कुड होतो, ना सरपण. ट्रॅक्टरच्या वाटेत येणाऱ्या बाभळी तुटल्या. यासाठी शेतकऱ्यास दोष देणे अन्यायाचे आहे; कर्जात बुडालेला माणूस रोख पैसा देणारे पीकच पेरणार. प्रश्न वेगळा आहे. मजुराच्या घरातून जे गेले, त्याची भरपाई मजुरीचे दर ठरवताना कधी धरली गेली काय?

महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. त्या हमीच्या कामांत धुऱ्यावरील बाभूळ-कडुनिंबाची लागवड घेतली जावी. परंतु रोप लावण्यापूर्वीच ग्रामसभेने ठरवावे : लाकूड शेतकऱ्याचे, शेंगा आणि वाळली फांदी वेचणारीची. वृक्षारोपणाचे सोहळे पुष्कळ झाले. आता वाट्याचा ठराव हवा, आणि तो मांडण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.