तासातली दहा मिनिटं मुलांना द्या

परवा प्रथम वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या तासाला मी खडूचा तुकडा सरळ वर उडवला आणि विचारलं, ‘अगदी वरच्या टोकाला याचं त्वरण किती? शून्य वाटत असेल तर एक बोट, ९.८ वाटत असेल तर दोन.’ साठातल्या चाळीसेक जणांनी एकच बोट दाखवलं. उत्तर न सांगता म्हटलं, ‘आता शेजारच्याला पटवून द्या.’ तीन मिनिटं नुसता कलकलाट. मग कधीच न बोलणारी, शेवटच्या बाकावरची मुलगी उठली. ‘सर, वेग शून्य होतो. पण त्वरणही शून्य असतं, तर खडू तिथंच राहिला असता ना!’ पुन्हा बोटं वर झाली, बहुतेकांची दोन.

हार्वर्डचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी ही पद्धत १९९१ पासून रुजवली. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरील २२५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, मुलांना असं सहभागी करून घेणाऱ्या कृतिशील वर्गांत सुमारे २२.

‘मग पोर्शन कधी संपवायचा?’ सहकाऱ्यांची ही चिंता खरी आहे. पण फळ्यावर संपलेला पोर्शन मुलांच्या डोक्यात पोहोचलेला नसतो. म्हणून प्रत्येक तासातली दहा मिनिटं त्यांना बोलू द्या, ही कळकळीची विनंती.