चीर नाही, म्हणून त्रास नाही?

घशाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आता तोंडावाटे लेसरने होते. मानेवर चीर दिसत नाही, की आपण म्हणतो, ‘बरा झाला.’ पण गिळताना ठसका लागणे, आवाज घोगरा होणे मागे राहू शकते. सोबत किरणोपचार झाले असतील तर तोंड कोरडे पडणे, जबडा आखडणे, थायरॉईड मंदावणे हे काही वर्षांनीही सुरू होते. दात काढण्याआधी डॉक्टरांना किरणोपचाराचे सांगावेच; नाहीतर जबड्याचे हाड सडू शकते.

बारामतीच्या शरद पवारांना २००४ मध्ये तोंडाचा कर्करोग झाला. त्याची खूण त्यांच्या बोलण्यात आजही जाणवते. माळेगाव बुद्रुकच्या वस्तीत मात्र कामाचा खाडा नको म्हणून तपासणी चुकते. आमचे म्हणणे एवढेच: शस्त्रक्रियेइतकीच ही तपासणीही उपचारच आहे. गाडीभाडे नसेल तर वस्तीने वर्गणी काढावी, पण तारीख चुकवू नये.