उमेदवारी आणि पदवी : स्टीव्ह कॉपेलच्या उदाहरणावरून

व्यावसायिक फुटबॉलला वाहून घेऊ पाहणाऱ्या मुलाने पुस्तके वेळीच मिटावीत, कारण सोळा ते वीस ही वर्षे शरीर आणि खेळ एकत्र घडण्याची असतात व ती परीक्षांत घालवणाऱ्याला पुढे भरून काढता येत नाहीत, हा पक्ष इंग्लंडमध्ये दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. तो निव्वळ अडाणीपणातून आलेला नव्हता. तिथल्या क्लबांची भरती मुख्यतः उमेदवारीच्या पद्धतीने होई. म्हणजे शाळा सुटताच मुलाला क्लब पदरी घेई आणि सरावाबरोबरच वरिष्ठांचे बूट घासण्यापासून प्रेक्षकांच्या पायऱ्या झाडण्यापर्यंतची कामे त्याच्याकडून करून घेई. नावारूपाला आलेले बहुतेक खेळाडू याच वाटेने आले होते, हे खरेच आहे; मात्र याच वाटेवरून विशीच्या आत घरी पाठवलेल्या मुलांची मोजदाद हा पक्ष कधीच करत नाही.

या पक्षाला सर्वांत अडचणीचे उदाहरण स्टीव्ह कॉपेलचे आहे. १९५५ मध्ये लिव्हरपूल येथे जन्मलेला हा मुलगा तिथल्याच विद्यापीठात आर्थिक इतिहास शिकत असताना मर्सी नदीपलीकडच्या ट्रॅनमिअर रोव्हर्स या तिसऱ्या श्रेणीतील क्लबाकडून उजव्या बगलेवर, म्हणजे मैदानाच्या कडेकडेने धावून चेंडू मध्यभागी पुरवण्याच्या जागी, खेळू लागला. १९७५ च्या सुरुवातीला, तो एकोणीस वर्षांचा असताना, मँचेस्टर युनायटेडने साठ हजार पौंड मोजून त्याला घेतले आणि व्यवस्थापक टॉमी डॉकर्टी यांनी त्याला पदवी पुरी करण्याची मुभा दिली. १ मार्च रोजी कार्डिफविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला, युनायटेडने तो सामना ४-० असा जिंकला, आणि उरलेला अभ्यासक्रम त्याने युनायटेडच्या पहिल्या संघातून खेळतच पार पाडला. १९७६ च्या एफए कप अंतिम सामन्यात तो खेळला तेव्हा त्याची विशी नुकतीच सुरू झाली होती.

अभ्यासात गुंतलेल्याचे शरीर पुरेसे कसलेले नसते, हा पूर्वपक्षाचा पहिला आधार. कॉपेलने १९७७ ते १९८१ या काळात युनायटेडकडून लीगचे सलग २०६ सामने एकही न चुकवता खेळले, एवढे सांगितले की या आधाराचे फारसे काही शिल्लक राहत नाही. या सलग मालिकेत खंड पडला तोही नोव्हेंबर १९८१ मध्ये वेम्बलीवर हंगेरीविरुद्धच्या सामन्यात गुडघा दुखावल्यावर, आणि त्या गुडघ्याचा दोष विद्यापीठाच्या माथी मारण्याचे धाडस कोणी केलेले नाही.

कॉपेल हा अपवाद आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो. परंतु पूर्वपक्षाचे विधान ‘असे सहसा घडत नाही’ एवढे मवाळ नसून ‘असे घडूच शकत नाही’ असे आहे, आणि अशा विधानाला न्यायशास्त्रातील व्याप्तीप्रमाणे, म्हणजे दोन गोष्टींच्या नित्यसंबंधाप्रमाणे, एकच व्यभिचार, म्हणजे तो संबंध मोडणारे एकच उदाहरण, खोडून काढायला पुरतो. शिवाय तो एकटाही नव्हता. १९७१ च्या एफए कप अंतिम सामन्यात लिव्हरपूलच्या संघात गणिताचा पदवीधर ब्रायन हॉल आणि वॉरिक विद्यापीठाचा पदवीधर स्टीव्ह हायवे हे दोघे होते. दूरचित्रवाणीवरील विद्यापीठीय प्रश्नमंजूषेचे सूत्रधार बॅम्बर गॅस्कॉइन यांच्या नावावरून सहकाऱ्यांनी हायवेला ‘मोठा बॅम्बर’ आणि हॉलला ‘छोटा बॅम्बर’ करून टाकले होते. या थट्टेत कौतुक किती आणि परकेपणा किती, हे ठरवणे कठीण आहे.

इथे उलट बाजूचा उतावळेपणाही नाकारला पाहिजे. शिक्षणामुळे कॉपेल अधिक चलाख खेळला, असे त्याचे चाहते म्हणतात. पण बगलेवरून दीड तास अथक वरखाली धावणे आणि चेंडू गमावल्यावर बचावासाठी मागे येणे हे त्याच्या खेळाचे मर्म होते व ते कोणत्याही व्याख्यानकक्षात शिकवले जात नाही. पदवीचा खरा उपयोग सौद्यात झाला. उमेदवारी करणाऱ्या मुलाजवळ क्लबाखेरीज दुसरे काहीच नसल्याने तो समोर ठेवलेल्या कागदावर मुकाट सही करतो. ज्याला खेळाबाहेर उपजीविकेचा मार्ग आहे तो अट घालू शकतो, आणि युनायटेडसारख्या क्लबाने ती मान्य केली. पुढे कॉपेल व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, गुडघ्यामुळे १९८३ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्त झाला आणि त्याच वयात, पुढच्या वर्षी, क्रिस्टल पॅलेसचा व्यवस्थापक झाला. (भारतीय प्रेक्षकांनी त्याला २०१६ पासून केरळ ब्लास्टर्स, जमशेदपूर आणि कोलकात्याच्या एटीकेचा प्रशिक्षक म्हणून पाहिले आहे.) हे सारे पदवीमुळेच घडले, असे म्हणणे म्हणजे पुन्हा अतिव्याप्तीच होईल.

आता अकादमी मुलांना आठ-नऊ वर्षांपासूनच नोंदवून घेतात, त्यामुळे कॉपेलची वाट बुजली, असेही म्हटले जाते. ती अरुंद झाली आहे, बुजलेली नाही. संडरलंडच्या डंकन वॉटमोरने क्लबात असतानाच न्यूकॅसल विद्यापीठातून प्रथम वर्गाची पदवी घेतली आणि प्रीमियर लीगही खेळली. उमेदवारीच्या कैवाऱ्यांनी तर लिव्हरपूलच्याच एका नेमणुकीचा खुलासा करायला हवा. बाविसाव्या वर्षापर्यंत हौशी फुटबॉल खेळून पदवीनंतर थेट क्लबात आलेल्या हायवेकडे, म्हणजे ज्याने उमेदवारी केलीच नव्हती त्याच्याकडे, लिव्हरपूलने १९८९ पासून आपल्या मुलांना घडवण्याचे काम सोपवले, आणि रॉबी फाउलर, मायकेल ओवेन व स्टीव्हन जेरार्ड हे त्याच्याच देखरेखीखालून पुढे आले.