रेशनच्या पोत्यात कोणाची ज्वारी?



रेशन म्हणजे सरकारने गरिबाला घातलेला घास, असे पुढारी सांगतात. तो घास कोणाच्या ताटातून उचलला, ते सांगत नाहीत. रत्नागिरीच्या बैठकीत आम्ही तेवढेच विचारले.

कोकणात पिकलेले वर्षभर पुरत नसे. मुंबईची मनिऑर्डर आणि ब्रह्मदेशचा तांदूळ यांवर चुली पेटत. 1942 च्या मार्चात रंगून जपानच्या हाती गेले, तांदूळ थांबला. 1943 च्या मे महिन्यात मुंबईत रेशन सुरू झाले. युद्धाची अडचण होती, मान्य. पण युद्ध 1945 साली संपले. गांधीजींच्या आग्रहाने 1947 च्या डिसेंबरात नियंत्रणे उठू लागली, ती 1948 मध्येच पुन्हा बसली. 1955 साली जीवनावश्यक वस्तूंचा कायदाच झाला.

मग पाळी आली आपली. साठीच्या दशकात सरकारने ज्वारीची एकाधिकार खरेदी मांडली. लेव्ही घालायची, तीही बाजारापेक्षा कमी भावाने. परवान्यावाचून पोते जिल्ह्याबाहेर काढले तर गुन्हा. कोकणात रिकामी चूल, आपल्या खळ्यावर ज्वारी आणि मध्ये नाक्यावर सरकार! शेतकी कॉलेजात आम्हाला 1964 च्या सीएसएच-1 या संकरित ज्वारीचे एकरी उत्पन्न पाठ करायला लावले. लेव्हीच्या भावावर एकही तास झाला नाही. 1972 च्या दुष्काळात ज्वारी पिकवणारेच रेशनच्या रांगेत उभे राहिले, आणि मापात पडली अमेरिकेची लाल मिलो. तिकडे ती जनावरांना घालतात. त्याच साली कापसावरही एकाधिकार आला.

रेशन नसते तर गरीब मेला असता, असे कोणी म्हणेल. गरिबाला जरूर द्या. खर्च तिजोरीतून करा, कोरडवाहूवाल्याच्या खळ्यातून का?

लेव्ही गेली, पण रेशनने लोकांच्या ताटात गहू-तांदूळ बसवला तो बसलाच. ज्वारीचे गिऱ्हाईक तुटले, कोकणच्या नाचणीचेही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य 1 रुपया किलो लिहिले. दुकानाच्या काट्यावर बहुतेक गहू-तांदूळच आला. 2023 साली जगभर भरडधान्य वर्ष साजरे झाले. त्याच वर्षी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये ठरले. रोख द्यायला आमची हरकत नाही. पण 1955 चा कायदा अजून उभा आहे. 2020 साली त्यात केलेली सैल दुरुस्ती 2021 साली मागे घेतली गेली.

पुढच्या जिल्हा बैठकीला, ज्यांच्या घरी आजोबांच्या लेव्हीच्या पावत्या असतील त्यांनी त्या घेऊन याव्यात. वजन आणि भाव वाचता आला पाहिजे.