दिवाळीला वस्तू द्यावी की अनुभव? इचलकरंजीत या प्रश्नाचं उत्तर वेगळं का येतं?

दिवाळी जवळ आली की मोबाइलवर दोन प्रकारच्या पोस्ट एकाच वेळी फिरायला लागतात. एकीकडे साड्या, मिक्सर आणि मोबाइलच्या सेलच्या जाहिराती. दुसरीकडे सल्ला, "यंदा वस्तू नको, अनुभव भेट द्या." म्हणजे सहल, नाटकाची तिकिटं, हॉटेलातला मुक्काम किंवा एखाद्या शिबिराची फी. वस्तू कपाटात पडून राहते आणि आठवण आयुष्यभर टिकते, असं त्यामागचं म्हणणं.

सल्ला ऐकायला चांगला आहे. पण इचलकरंजीत बसून तो वाचला तर दोन प्रश्न लगेच उभे राहतात. या शहराचं पोटच कापडावर चालतं, मग दिवाळीला लोकांनी कापड घेणं कमी केलं तर इथल्यांनी काय करायचं? आणि मागावर उभा राहणारा कामगार एक दिवस सहलीला गेला, तर त्या दिवसाची मजुरी त्याला कोण देणार?

या सल्ल्यात तथ्य किती आणि तो कुणाला लागू होतो, ते पाहू.

हा सल्ला आला कुठून?

यामागे खरोखरचं संशोधन आहे. लीफ व्हॅन बोव्हेन आणि थॉमस गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आनंदासाठी घेतलेली एक वस्तू आणि आनंदासाठी घेतलेला एक अनुभव आठवा, यातलं जास्त सुख कशानं दिलं, असा प्रश्न त्यांनी लोकांना विचारला. ५७ टक्के लोकांनी अनुभव म्हटलं, तर ३४ टक्के लोकांनी वस्तू.

हा अभ्यास स्वतःसाठी केलेल्या खर्चाचा होता. भेटींबद्दलचा अभ्यास सिंडी चॅन आणि कॅसी मोगिल्नर यांनी २०१७ मध्ये मांडला. अनुभवाची भेट मिळाली की देणाऱ्याशी असलेलं नातं जास्त घट्ट होतं, असं त्यांना दिसलं. विशेष म्हणजे देणारा त्या अनुभवात सोबत नसला तरीही हा परिणाम राहतो. वस्तू वापरताना माणूस फारसा हलत नाही. नाटक बघताना, डोंगर चढताना किंवा गाणं ऐकताना भावना जाग्या होतात आणि त्या देणाऱ्याच्या नावाशी जोडल्या जातात.

मग तो सगळ्यांना लागू होतो का?

नाही. पोस्टमध्ये नेमका हाच भाग गळतो. २०१८ मध्ये जेकब ली, डेबोरा हॉल आणि वेंडी वूड यांनी हाच प्रश्न आर्थिक स्तरानुसार तपासला. ज्यांच्या हातात पैसा आणि मोकळा वेळ होता, त्यांना अनुभवातून जास्त सुख मिळत होतं. ज्यांची ओढाताण होती, त्यांना वस्तूतूनही तेवढंच किंवा त्याहून जास्त सुख मिळत होतं.

कारण समजायला अवघड नाही. घरात पंखा नसेल तर पंखा ही नुसती वस्तू राहत नाही. त्यानं रोजची झोप मिळते. पोराच्या पायात चांगले बूट नसतील तर बूट त्याला वर्षभर उपयोगी पडतात. सहल एका दिवसात संपते आणि चुकीच्या दिवशी निघाली तर खिशाला खड्डा पाडून जाते.

इचलकरंजीत वेगळं काय आहे?

विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. तेव्हापासून हे गाव 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' होत गेलं. आज शहर आणि परिसरात एक लाखाहून जास्त यंत्रमाग असल्याचं सांगितलं जातं. २०२२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, तरी शहराची घडी अजून मागाच्या आवाजावरच बसलेली आहे.

अनेक कारखान्यांत बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. मजुरी बहुतेक ठिकाणी किती कापड विणलं त्यावर ठरते. कांड्या भरणाऱ्या बायका, वहिफणी कामगार, सायझिंगमधले लोक या सगळ्यांचं गणित असंच कामाला बांधलेलं आहे. दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणारे 'खर्चीवाले' छोटे यंत्रमागधारकही यातून सुटत नाहीत. माग बंद, तर उत्पन्न बंद.

त्यामुळे इथे सहलीची खरी किंमत तिकिटावर छापलेली नसते. समजा कामावरच्या एका दिवशी नवरा-बायको दोघे मुलांना घेऊन बाहेर गेले. बसभाडं आणि जेवणाचा खर्च झालाच, वर दोघांच्या दिवसभराच्या मजुरीवर पाणी सोडावं लागतं. पगारी रजा असलेल्या माणसाला हा हिशेब करावा लागत नाही, म्हणून सल्ला देणाऱ्या पोस्टमध्येही तो दिसत नाही.

दिवाळी मात्र याला अपवाद आहे. या दिवसांत माग थांबतात आणि परगावचे कामगार आपापल्या गावी जातात. बोनसही याच सुमारास हातात पडतो. कायद्यानं बोनस किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के आहे. पण वेतन संहितेतली ही तरतूद २० किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या आस्थापनांना लागू होते. त्यामुळे लहान कारखान्यात बोनस किती मिळणार, हे बऱ्याचदा वाटाघाटीवर आणि रिवाजावर ठरतं. थोडक्यात, वर्षात पैसा आणि मोकळा वेळ एकत्र येण्याचे दिवस बहुतेकांना इथे फार थोडे मिळतात. अनुभव द्यायचा तर तो याच दिवसांत.

लोकांनी कापड घेणं कमी केलं तर?

दुसरा प्रश्न गावाच्या धंद्याचा. इथल्या मागावर मुख्यतः पॉपलीन, कॅम्ब्रिक, धोतर असं सुती कापड निघतं. बरंचसं कापड 'ग्रे' म्हणजे न रंगवलेलं असतं. ते प्रक्रियेसाठी बाहेर जातं, राजस्थानातल्या पाली-बालोत्रासारख्या ठिकाणीही. तिथून रंगून, शिवून ते बाजारात येतं. म्हणजे दिवाळीत दुकानात दिसणारा शर्ट इचलकरंजीच्या मागावरून काही महिने आधीच उतरलेला असतो.

त्यामुळे एखाद्या कुटुंबानं एक साडी कमी घेतली म्हणून इथला माग थांबत नाही. सुताच्या दरातली चढउतार, वीजदर आणि अडकलेली येणी यांचा फटका त्याहून कितीतरी मोठा असतो. तरीही सणाची खरेदी वर्षानुवर्षं घटत गेली, तर त्याची झळ शेवटी मागापर्यंत पोहोचणारच. म्हणून इथल्या माणसानं 'वस्तू नको' ही घोषणा जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. नको असलेली पाचवी वस्तू टाळणं आणि लागणारा कपडा टाळणं यात फरक आहे.

कर कुठे जास्त लागतो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. कपड्याच्या एका नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे. हॉटेलच्या खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर आधी १२ टक्के कर होता, आता तो ५ टक्के झाला. सिनेमाचं तिकीट १०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याहून महाग असेल तर १८ टक्के. म्हणजे साध्या बजेटमध्ये कपडा आणि मुक्काम यांवरचा कर आता सारखाच आहे. कराकडे बघून वस्तू की अनुभव हे ठरवायची गरज उरलेली नाही.

मग द्यायचं काय?

अनुभव म्हणजे महागडं रिसॉर्ट, हा समज आधी सोडायला हवा. इचलकरंजीच्या आसपास कमी खर्चात देता येण्यासारखं बरंच आहे.

*एसटीचा प्रवास.* महाराष्ट्रात एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, तर ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. आई, आजी आणि मुलांना घेऊन नृसिंहवाडी किंवा पन्हाळ्याला जायचं तर हा मोठा आधार होतो. पन्हाळा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे. ज्याला भटकायची हौस आहे त्याला एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा ४ किंवा ७ दिवसांचा पास देता येतो. मात्र तो ज्याच्या नावाचा, त्यालाच चालतो.

*माहेरची वाट.* भाऊबीजेला साडी किंवा पाकीट द्यायची पद्धत आहे. पण सासरहून निघणं, मुलांना सांभाळत बस बदलत येणं, हा भार बहिणीवरच पडतो. भावानं तिला आणायला आणि सोडायला जाणं ही भेट साडीपेक्षा जास्त लक्षात राहू शकते. सासर निपाणी-चिकोडीकडे असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. एसटीची महिला सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे, आणि कर्नाटकची 'शक्ती' योजनेतली मोफत सेवा कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना त्या राज्यातल्या प्रवासापुरती मिळते.

*वाचनालयाचं वर्षभराचं सभासदत्व.* शहरातलं आपटे वाचन मंदिर दीडशे वर्षांहून जुनं आहे. १९७४ चं मराठी साहित्य संमेलन पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली याच इचलकरंजीत झालं होतं. वाचणाऱ्या मुलाला किंवा निवृत्त शेजाऱ्याला एक पुस्तक देण्याऐवजी वर्षभर पुस्तकं बदलून वाचायची सोय करून देता येते. त्यासाठी कुणाची मजुरीही बुडत नाही.

*खिद्रापूरची रात्र.* कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाचं गोल छत मधोमध उघडं आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री त्यातून चंद्र पाहायला लोक जमतात. ही पौर्णिमा दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी येते. तोवर माग पुन्हा सुरू झालेले असतात, त्यामुळे कोणाची पाळी कधी आहे हे विचारूनच बेत ठरवलेला बरा.

*घरातलं काम.* वर्षभर कांड्या भरून दिवाळीत फराळाला जुंपलेल्या बाईसाठी सहलीपेक्षा दोन दिवसांची उसंत मोठी असते. चकल्या सगळ्यांनी मिळून पाडणं, भांडी दुसऱ्यानं घासणं, मुलांबरोबर बापानं अंगणात किल्ला करणं. याला बोनसही लागत नाही.

वस्तू कुणाला द्यावी?

जोसेफ गुडमन आणि सारा लिम यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार, नातं दूरचं असेल तर लोक वस्तू देतात, कारण अनुभव निवडायला समोरच्याची आवड नीट माहीत असावी लागते. शेठजी, नवे व्याही, ओळखीचे डॉक्टर यांना मिठाई किंवा एखादी वस्तू देणंच सोयीचं असतं. उलट बायको, आई, मुलं, जुना मित्र यांची आवड आपल्याला माहीत असते, तरी सवयीनं आपण त्यांनाही वस्तूच देतो.

कारखानदार कामगाराला काय देतो, हा मुद्दा मात्र वेगळा आहे. बोनसच्या जागी सहल किंवा मिठाईचा बॉक्स ही अदलाबदल होऊ शकत नाही, कारण बोनस ही भेट नसून कमाई आहे. त्यावर काही द्यायचंच असेल, तर मजुरी न कापता दिलेली एक जादा सुट्टी ही या शहरातली सगळ्यात दुर्मिळ भेट ठरेल.

म्हणून यंदा भेट ठरवताना 'वस्तू की अनुभव' याच्या आधी दुसरा प्रश्न विचारून बघता येईल. समोरच्या माणसाकडे कमी काय आहे? वस्तू कमी असेल तर वस्तू द्यावी. इचलकरंजीतल्या पुष्कळ घरांत वेळच कमी आहे. तिथे तिकिटं काढण्याआधी, ती वापरायला मोकळा दिवस कुठून येणार, हे ठरवावं लागेल.