खोक्यावरचे सोळा किलोमीटर

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या शाळेची सहल रायगडावर गेली होती. ४२ मुलं-मुली आणि आम्ही चार शिक्षक. पाय मुरगळलेल्या एका मुलाला घेऊन एक सर खाली महादरवाजापाशीच बसले. वर होळीच्या माळावर आम्ही दोन गट केले. दोन मॅडम एका गटाला घेऊन जगदीश्वराच्या मंदिराकडे गेल्या, दुसरा गट माझ्याबरोबर टकमक टोकाकडे आला. तासाभरानं माळावर भेटायचं ठरलं होतं. भेटलो, मोजणी केली, तर खालचा मुलगा धरून ४१ भरले. सातवीतली एक मुलगी नव्हती. मॅडमना वाटलं होतं ती माझ्याकडे आहे, मला वाटलं होतं ती त्यांच्याकडे.

टकमक टोकावरून आलेल्या माणसाच्या मनात अशा वेळी काय येतं ते सांगायला नको. मोबाइलला कधी एक कांडी येई, कधी तीही नाही. मुलगी सापडली पन्नास मिनिटांनी. आमच्यासारख्याच निळ्या स्वेटरच्या दुसऱ्या एका शाळेची रांग उतरत होती, ती त्या रांगेत मिसळून खाली गेली होती. महादरवाजात आमच्या सरांनी तिला ओळखून जवळ बसवून घेतलं होतं. म्हणजे त्यातली निदान अर्धा तास ती सुखरूप होती, सरांच्या शेजारी चिक्की खात होती. ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता, आणि आम्ही तिला शोधतोय हे सरांना कळायला मार्ग नव्हता.

त्यानंतर मी वॉकीटॉकीच्या मागे लागलो. मी भाषेचा शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवतो. विजेचं माझं ज्ञान फ्यूज बदलण्यापुरतं. त्यामुळे आधी शहरातल्या एका दुकानात जाऊन फसता फसता वाचलो, आणि मग वाचन केलं. उलट क्रमानं करायला हवं होतं.

दुकानदारानं माझ्यासमोर दोन खोकी ठेवली. एकावर १६ किलोमीटर लिहिलेलं, दुसऱ्यावर ३. सोळावालं स्वस्त होतं. "सर, पाच वॅट आहे, डोंगरातसुद्धा मारतो," तो म्हणाला. तीनवालं अर्ध्या वॅटचं आणि किंमत जवळजवळ दुप्पट. कुठलाही शहाणा माणूस सोळावालं उचलेल. मीही उचललं होतं.

खोक्यावरचं किलोमीटर कुठून येतं हे समजून घेतलं की निम्मी निवड तिथेच होते. हातातल्या या सेटच्या लहरी ढोबळमानानं नजरेसारख्या सरळ जातात. सपाट जमिनीवर उभ्या माणसानं सेट तोंडाजवळ, म्हणजे दीड मीटरवर धरला, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचं क्षितिज साडेचार किलोमीटरच्या थोडं आत संपतं. समोरच्याचं तेवढंच धरा. दोघांत मिळून नऊ किलोमीटरही भरत नाहीत, मग वॅट कितीही असोत. आणि तेही मध्ये घर, झाड, टेकाड काही नसताना. उलट समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवर उभं राहिलं तर क्षितिज शंभर किलोमीटरच्या आसपास जातं, तिथून अर्ध्या वॅटचा सेटही सोळा किलोमीटरवर ऐकू येऊ शकेल. म्हणजे आकडा खोटाच असतो असं नाही. तो आपल्या जागेचा नसतो.

आपली जागा सह्याद्री. थरावर थर चढलेला काळा कातळ, माथा सपाट आणि कडा ताशीव. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोन शिक्षक, मुलांना न घेता, सेट तपासायला पुन्हा रायगडावर गेलो. होळीच्या माळावरून जगदीश्वरापर्यंत आवाज स्वच्छ. माळावरून महादरवाजा मात्र पूर्ण मुका, खरखरसुद्धा नाही. अंतर तसं काहीच नाही, पण मध्ये डोंगराचा खांदा. मी माळ सोडून उताराच्या कडेशी, खालची वाट दिसते तिथे येऊन बटण दाबलं आणि सरांचा आवाज शेजारी उभे असल्यासारखा आला. तेव्हा लक्षात आलं की त्या दिवशी आमच्याकडे सेट असते आणि मी माळावरच उभा राहून ओरडत बसलो असतो, तरी काही उपयोग झाला नसता. ऐकू येत नसेल तर आवाज वाढवायचा नाही, जागा बदलायची. दहा पावलं कडेकडे, किंवा दोन पायऱ्या वर. कडेकडे म्हणजे अर्थात शिक्षकानं, मुलानं नव्हे.

पाच वॅटचा काहीच फायदा नाही असं मी म्हणत नाही. ताकद दहापट केली तर मोकळ्या जागेत पल्ला तिपटीहून थोडा अधिक होतो. ओल्या पानांच्या दाट झाडीत तो फरक जाणवेल. कातळापुढे मात्र दोन्ही सेट सारखेच मुके. आणि त्या जादा पल्ल्यासाठी जी किंमत मोजावी लागते ती दुकानदार सांगत नाही.

ती किंमत कायद्याची आहे. आपल्या देशात वायरलेस सेट वापरायला परवाना लागतो. त्याला २०१८ च्या नियमांनी एक सवलत दिली. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यात, मर्यादित ताकदीचा, सरकारी तांत्रिक मान्यता असलेला हातातला सेट कुणीही परवान्याविना वापरू शकतो. ही मान्यता दूरसंचार विभाग देतो, तिला ईटीए म्हणतात. माझ्यासमोरचं तीनवालं खोकं ते होतं. सोळावाला सेट १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झवर कुठेही लावता येतो. हेच त्याचं कौतुक आणि हाच त्याचा गुन्हा, कारण त्या पट्ट्यांत पोलीस आहेत, जहाजं आहेत, हौशी रेडिओवाले आहेत. असे सेट ऑनलाइन सर्रास विकले जात होते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना नोटिसा काढल्या आणि पुढे मार्गदर्शक सूचनाही आणल्या. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, परवाना लागतो की नाही, हे गिऱ्हाइकाला सांगितलंच जात नव्हतं.

मी दुकानदाराला विचारलं, "याला परवाना लागतो ना?" तो हसला. "सर, कोण विचारतंय?"

विचारतात. आणि कुणाला जरा जास्त विचारतात हेही मला माहीत आहे. दाढीवाला एक मास्तर, बुरख्यातल्या दोन मॅडम, किल्ल्याची कड आणि हातात बेकायदा वायरलेस. मी कुणावर आरोप करत नाही. ड्युटीवरच्या हवालदाराच्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं. पण ज्याला आधीच चार प्रश्न जास्त येतात, त्यानं पाचवा स्वतःच्या हातानं विकत घेऊ नये. आमच्या सेटच्या पिशवीत आता खरेदीची पावती, ईटीएची प्रत आणि मुख्याध्यापकांच्या सहीचं सहलीचं पत्र असतं. ही काळजी फक्त आमच्यासाठी आहे असंही नाही. नियम सगळ्यांनाच सारखा आहे, आमच्या बाबतीत तो मोडल्याची चर्चा लांब चालते, इतकंच.

याच ओघात एक तकरार घरातही झाली. माझ्या मावसभावानं अमेरिकेहून सुट्टीवर येताना सेटची जोडी आणली होती. ती देऊ केली. तिकडे ती कुणीही वापरतो, म्हणून त्याला वाटलं इथेही चालेल. पण तिकडचे ते सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर बोलतात, आपला मोकळा पट्टा ४४६ चा. "भाईजान, आप भी ना," म्हणत त्यानं ते परत बॅगेत टाकले. नातेवाइकांनी परदेशातून आणलेली वस्तू नाकारणं आपल्याकडे किती अवघड असतं ते तुम्हाला माहीत आहे.

आता कायदेशीर सेटमध्ये कोणता घ्यायचा. इथे मी बॅटरीकडे सगळ्यात आधी बघतो. खोक्यावर बारा तास लिहिलेलं असतं, पण तो हिशेब बहुधा पाच टक्के वेळ बोलणं, पाच टक्के ऐकणं आणि उरलेले नव्वद टक्के गप्प बसणं असा धरलेला असतो. शिक्षक नव्वद टक्के गप्प बसलेला मी अजून पाहिलेला नाही. त्यामुळे बाजारात कुठेही मिळणारे पेन्सिल सेल ज्यात चालतात तो सेट किंवा जादा बॅटरी मिळणारा सेट घ्यावा. पाण्याचं म्हणाल तर खोक्यावर आयपी असा आकडा असतो. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी चालतो. कोकणात पावसाळी सहलीला तेवढं हवंच. थंडीतल्या सहलीला उडत्या शिंतोड्यांपासून वाचणारा सेटही पुरे, तिथे पैसे घालवू नयेत. बटणं लॉक करता येतात की नाही ते दुकानातच बघा. आमच्या एका मॅडमच्या पर्समध्ये चॅनेल आपोआप बदललं आणि त्या अर्धा दिवस कुणाशीच न बोलता हिंडल्या.

"प्रायव्हसी कोड" नावाच्या गोष्टीवर विश्वास ठेवू नका. तो कोड लावला की दुसऱ्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच. आपलं बोलणं त्याच चॅनेलवर कोड न लावता बसलेल्या कुणालाही ऐकू जातं. म्हणून मुलींची पूर्ण नावं आम्ही सेटवर घेत नाही, हजेरीचा नंबर सांगतो. आणि दोन सेटवर वेगवेगळे कोड पडले तर चॅनेल एक असूनही दोघं बहिरे. निघण्यापूर्वी सगळे सेट शेजारी ठेवून एकदा जुळवावेत.

शाळेतल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, "एवढा खटाटोप कशाला? शिट्टी आहे, मोबाइल आहे." शिट्टी आम्ही आजही प्रत्येक मुलाच्या गळ्यात घालतो, तिला बॅटरी लागत नाही. मोबाइलचं सांगायचं तर २२ जुलै २०२१ चा महाड-चिपळूणचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना फोन बंद पडणं म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही. पण उलटही खरं आहे. सेट आहे म्हणून गट मोठे करणं, शिक्षक कमी नेणं हा गाढवपणा होईल. सेटवर फक्त आपलीच माणसं असतात. पाय मोडला तर ११२ लाच फोन लावायचा आहे, आणि त्यासाठी कांडी कुठे येते ते एका शिक्षकानं वाटेत बघून ठेवायचं आहे.

पालक सभेत या खर्चावरून थोडी कुरबुर झाली. चार सेटच्या पैशात पंखे आले असते, असं एक पालक म्हणाले. चुकीचं नव्हतं. तेव्हा त्याच मुलीची अम्मी मागच्या बाकावरून उठली आणि म्हणाली, "पंखे अगले साल ले लेंगे." एवढं बोलून ती बसली.

दर शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही मैदानावर सराव करतो. बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. न थांबता बोललं की पहिला शब्द कापला जातो आणि "मत आओ" चं नुसतं "आओ" पोहोचतं. एका वेळी एकच जण बोलू शकतो, म्हणून बोलून झाल्यावर "ओव्हर" म्हणायचं. सेट शिक्षकांच्याच हातात राहणार, पण सराव मुलांनाही देतो, कारण शिक्षकच घसरून पडला तर कुणीतरी बोलायला हवं. सध्या सातवीच्या वर्गात मोठा वाद चालू आहे, "ओव्हर" ला उर्दूत काय म्हणायचं. "बस" सुचवलं गेलं, पण मग सहलीची बस आली असं वाटेल म्हणून ते मागे पडलं. "तमाम" ला सध्या जास्त मतं आहेत.